डावा मोजायचा, उजवा जपायचा

मुलाखतीला गेले तेव्हा मॅडम टेबलाखाली होत्या.

"दारातच थांब," खालून आवाज आला. "पाऊल टाकू नकोस. जबडा पडलाय."

मी एक पाय तसाच अधांतरी ठेवून थांबले. चाकणच्या एका कंपनीत पाच वर्षं मी क्वालिटीला होते, गिअरचे दात मोजायचे. तिथे एखादा बारीक स्क्रू पडला की आम्ही मोबाइलची बॅटरी लावून फरशीलगत आडवी धरायचो. उजेड आडवा पडला की कणाचीसुद्धा सावली लांब होते. मी तेच केलं. कपाटाच्या पायापाशी काकडीच्या बीएवढं काहीतरी पांढरं होतं आणि त्यामागे कोयत्यासारखी वाकडी सावली.

"ते बघा, तिथे," मी म्हणाले.

टेबलाखालून पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई रांगत बाहेर आल्या. केसांना जळमट लागलेलं. त्यांनी चिमट्यानं ते पांढरं उचललं, काचेच्या बशीत ठेवलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"नोकरी तुला दिली," त्या म्हणाल्या. "आता मुलाखत घेते."

मुलाखतीत प्रश्न एकच होता. "एक वस्तू दोनदा मोजली आणि दोन आकडे आले, तर खरा कुठला?"

मी म्हणाले, "दोन्ही खोटे असू शकतात. आधी बघायचं, दोन वेळांच्या मध्ये काय बदललं."

मॅडम खुर्चीतून उठल्याच. खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या, आणि बाहेरच्या व्हरांड्याकडे तोंड करून ओरडल्या, "मामा, मिळाली रे पोरगी!"

घरी काळेवाडीला येऊन सांगितलं तेव्हा वडिलांनी पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "उंदरांच्या पिल्लांचे जबडे मोजणार? बायोडेटात काय लिहायचं मग?" आईनं विचारलं, उंदीर चावतात का. मी म्हटलं, माझ्याकडे येतात तेव्हा नुसती हाडं असतात. त्यानं तिचं समाधान झालं नाही.

आमची संस्था नाशिक रस्त्याला, कुरुळीच्या अलीकडे, दोन कारखान्यांच्या मध्ये होती. एका बाजूच्या कारखान्यातल्या पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा धक्का बसला की आमच्या टेबलावरचं पाणी थरथरायचं. मॅडमचं गाव तेच. आजूबाजूची जमीन कंपन्यांना गेलेली, भावांनी खोल्या बांधून कामगारांना भाड्यानं दिलेल्या, आणि ही बहीण परदेशात शिकून परत येऊन उंदरांच्या जबड्यात शिरलेली. मीटिंगमध्ये त्या स्वच्छ पुणेरी बोलायच्या. पण एकदा का अंगात आनंद शिरला की शब्द गावाकडे पळायचे. "व्हय", "न्हाई", "अगं बया" सुरू झालं की आम्ही समजायचो, काहीतरी सापडलंय.

मामा म्हणजे अ‍ॅनिमल हाउस सांभाळणारे. तेही कुरुळीचेच. मॅडमपेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान, पण सगळी संस्था त्यांना मामा म्हणायची आणि ते मॅडमना अक्का. शाळा सातवीपर्यंत. कुठल्या पिंजऱ्यात कुठली मादी कधी व्याली, किती पिल्लं झाली, त्यातलं कुठलं मागे पडतंय, हे सगळं त्यांच्या वहीत मोठ्या गोल अक्षरात असायचं. संस्थेच्या कॉम्प्युटरपेक्षा मॅडमचा त्या वहीवर विश्वास जास्त.

पहिल्या आठवड्यात मी विचारलं, हे सगळं चाललंय तरी कशासाठी. मॅडमनी मला इमारतीच्या गच्चीवर नेलं. शेजारच्या उरलेल्या शेतात एक विहीर होती.

"ती मोटर दिसते? विहिरीवर आहे. स्टार्टर कुठंय?"

"दिसत नाही."

"तो पार तिकडं, घराच्या भिंतीवर. मधे सगळं शेत. माझा बाप घरात बटण दाबायचा आणि पाणी इकडं सुरू व्हायचं. जनुकांचं तसंच असतं. जनुक म्हणजे मोटर. तिचा स्टार्टर डीएनएच्या दोऱ्यावर लांब कुठंतरी पडलेला. आणि गंमत म्हणजे मोटर एक, स्टार्टर अनेक. पायाचं हाड वाढवायला वेगळा, जबड्याचं वाढवायला वेगळा. मोटर काढली तर पिल्लू जगतच नाही. पण फक्त जबड्याचा स्टार्टर काढला तर?"

"तर जबडा वाढणार नाही."

"मग आमची पिल्लं जबडा घेऊन फिरतायत ती कशी?" त्या एवढ्या खूश होऊन म्हणाल्या की जणू मी बरोबर उत्तर दिलं होतं.

स्टार्टर काढलेली त्यांची पिल्लं दिसायला ठणठणीत होती. दूध प्यायची, वाढायची, दात आल्यावर दाणे कुरतडायची. बाकीचे शास्त्रज्ञ म्हणत, हा स्टार्टर बिनकामाचा. मॅडम म्हणत, फरक आहे, बारीक आहे, आणि बारीक फरक बघायला तुमचे डोळे जाड आहेत. काही बाळं जन्मतःच खालचा जबडा लहान घेऊन येतात, जीभ मागे पडून श्वास अडतो. त्यांतल्या काहींच्यात मोटर चांगली असते आणि बिघाड असतो तो असल्याच एखाद्या लांबच्या स्टार्टरमध्ये. त्या बाळांसाठी आपल्याकडे आज काही औषध नाही, हे त्या कुणालाही आधीच सांगून टाकत. "मी फक्त वायर शोधतेय," म्हणत.

त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर दिवस पुरणार नाही. माणूस भेटला की त्या आधी त्याची हनुवटी बघत आणि मग डोळे. एका साखरपुड्यात नवऱ्या मुलाच्या आजोबांना त्यांनी "जरा बाजूला वळा" म्हणून सांगितलं होतं आणि नातवाशेजारी उभं करून फोटो काढले होते. मुलीकडचे घाबरले, त्यांना वाटलं काही दोष निघाला. पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीनं विज्ञानावर बोलायला बोलावलं, तर मॅडम पिशवीभर भाजलेले शेंगदाणे घेऊन गेल्या. क्लबहाउसमध्ये दीडशे माणसं. "कानापुढं बोट ठेवा. आता चावा. हलतंय ते जाणवतंय? ते हाड तुम्ही जन्मलात तेव्हा असं नव्हतं. चावून चावून, वाढून वाढून तसं झालंय." दीडशे माणसं कानाशी बोटं लावून शेंगदाणे चावतायत आणि स्टेजवर मॅडम टाळ्या वाजवतायत, "वाह! वाह!"

त्यांचा एक नियम होता. कुठलाही नवा निकाल आला की सगळ्यांनी काम थांबवून दहा मिनिटं नुसता आनंद करायचा. त्या दहा मिनिटांत शंका काढायला बंदी. घड्याळ लावून आनंद. अकराव्या मिनिटाला त्या खडू उचलायच्या आणि म्हणायच्या, "चला, आता याला खोटं पाडा."

आणि दुसरा नियम, डावा मोजायचा, उजवा जपायचा. प्रत्येक पिल्लाच्या खालच्या जबड्याचे दोन अर्धे असतात. डावा साफ करून, वाळवून मोजायला घ्यायचा. उजवा स्पिरिटच्या कुपीत ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही. "तो साक्षीदार आहे. साक्षीदाराला आधीच बोलायला लावलं तर कोर्टात काय सांगेल?"

एका दिवशी मात्र त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. पिल्लांचा शेवट करायचा तो दिवस. ते काम त्यांनी कधी विद्यार्थ्यांवर सोपवलं नाही. त्या आणि मामाच करायचे, नियमाप्रमाणे, वेदना होऊ न देता. मग मॅडम हात धुऊन मागच्या पायरीवर बसायच्या. त्या दिवशी डबा उघडायच्या नाहीत. एकदा एका विद्यार्थ्यानं आकडा वाढवायला म्हणून आणखी दहा पिल्लं मागितली. मॅडम म्हणाल्या, "लागतील तेवढीच. एक जास्त नको." आवाज चढलेला नव्हता, पण त्यानं पुन्हा कधी मागितली नाहीत.

जुन्या मोजमापात मॅडमना फरक सापडलेला होता. स्टार्टर नसलेल्या पिल्लांचा जबडा पूर्ण लांबीतच जरा आखूड. सगळं त्यांनी स्वतः मोजलेलं. आदल्या वर्षी परीक्षण समितीला तसं सांगूनही झालेलं. आता तीच समिती परत येणार होती आणि काम पुढे चालू ठेवायचं की बंद करायचं ते ठरणार होतं. बंद म्हणजे पिंजरेही बंद, मामांची वहीही बंद. मला ठेवलं होतं ते हाच फरक पक्का करायला.

मी हट्टानं एक जुना प्रोजेक्टर मागवून घेतला होता, कारखान्यात असतो तसा. काचेवर वस्तू ठेवायची आणि समोरच्या गोल पडद्यावर तिची मोठी सावली पडते. पिल्लाचा जबडा त्यावर परातीएवढा दिसायचा. मी पाच वर्षं लोखंडाचे दात पाहिले होते. पहिल्यांदा खरे दात पाहिले तेव्हा हात थांबला.

समिती यायला तीन आठवडे होते. नुकताच साफ केलेला, सोमवारी मोजलेला एक जबडा मी सहज शुक्रवारी पुन्हा मोजला. आकडा कमी आला. मला वाटलं, माझी चूक. पुन्हा ठेवला, पुन्हा मोजला. कमीच. मग दुसरा घेतला. तोही घटलेला. मुलाखतीत मी फुशारकीनं दिलेलं उत्तर आता माझ्याच अंगावर आलं होतं. मध्ये बदललं काय? हाड वाळत होतं. वाळताना आकसत होतं.

मी मामांची वही मागितली, कुठलं हाड कधी साफ झालं तेही तिच्यात असायचं. स्टार्टर नसलेल्या पिल्लांची हाडं आधी साफ झालेली, मॅडमनी मोजली तेव्हा कपाटात कित्येक महिने जास्त वाळलेली. बाकीची नंतरची. जो फरक मॅडमनी समितीला सांगितला होता तो कपाटाचा होता, जनुकाचा नव्हता.

दुपारभर मी जागची हलले नाही. मामा चहा घेऊन आले, माझं तोंड बघून वही पाहिली, आणि म्हणाले, "आता अक्काला सांगायलाच पायजे. आज न्हाई सांगितलंस तर उद्या लई जड जाईल."

मी सांगितलं. आकडे दाखवले, वही दाखवली. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"म्हणजे मी चुकले," त्या म्हणाल्या.

"मोजमापाच्या पद्धतीत..."

"पद्धत माझी होती. मी चुकले. एक वर्ष सगळ्यांना चुकीचं सांगितलं." आणि उठून बाहेर गेल्या.

खिडकीतून दिसत होत्या. इमारतीला एक चक्कर, दोन, तीन. मला वाटलं, गेली नोकरी. चौथ्या चकरेनंतर त्या गेटबाहेर पडल्या. अर्ध्या तासानं आल्या त्या पेढ्यांचा पुडा घेऊन. पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला.

"मॅडम, हा कशाबद्दल?"

"तीन आठवडे आधी सापडलं! तीन आठवडे नंतर सापडलं असतं तर? अगं बया, कुठं होतीस तू इतकी वर्षं?" त्यांचे डोळे ओले होते आणि त्या हसत होत्या. दोन्ही खरं होतं.

एका सहकाऱ्यानं सुचवलं, नवी पिल्लं घेऊ, सगळं नव्यानं करू. मॅडमचा चेहरा एकदम बदलला. "पिल्लांनी दिलंय आधीच. आपण नीट मोजलं न्हाई, त्यात त्यांचा काय गुन्हा?" मग त्या कपाटाकडे वळल्या. उजवे जबडे. स्पिरिटच्या कुप्यांत, एकसारखे ओले, न वाळलेले. "साक्षीदारांना बोलवा," त्या म्हणाल्या.

या वेळी पद्धत माझी. मामांनी प्रत्येक कुपीवरचं लेबल काढून नुसता नंबर चिकटवला. कुठला नंबर कुठल्या पिल्लाचा हे फक्त त्यांच्या वहीत. मी कुपी उघडायची, हाड टिपायचं, घड्याळ लावून तेवढंच थांबायचं, प्रोजेक्टरवर ठेवायचं, मोजायचं. पूर्ण लांबी, उंची, आणि मागचं टोक, जे कानापुढच्या सांध्यात बसतं ते. तिन्ही वयांची पिल्लं होती. त्याच दिवशी जन्मलेली, आठवड्याची, आणि तीन आठवड्यांची. प्रेसचा धक्का बसला की मोजणं थांबवायचं. आकडे माझ्याकडे, नावं मामांकडे. मॅडमकडे काहीच नाही. त्यांना ते सोसवत नव्हतं. दर तासाला येऊन नुसत्या माझ्या मागे उभ्या राहायच्या आणि शेंगदाणे चावायच्या.

समितीच्या आदल्या दिवशी मी म्हणाले, "आता वही उघडून जुळवून बघू या. उद्या काय दाखवायचं ते तरी कळेल."

"उद्याच उघडू. त्यांच्यासमोर."

"मॅडम, काहीच निघालं नाही तर?"

"तर काहीच न्हाई निघालं हे त्यांना माझ्याबरोबरच कळंल. एकदा मी आधी बघून, सजवून नेलं होतं. ते काय होतं ते तुला माहितीय."

समितीत तिघं होते. अध्यक्ष उंच, पांढऱ्या मिशांचे, फाइलवर बोटानं ताल धरणारे. मॅडम उभ्या राहिल्या आणि पहिलंच वाक्य म्हणाल्या, "मागच्या वर्षी मी तुम्हाला जे सांगितलं ते चूक होतं." आणि हाडं कशी वाळली ते सगळं सांगितलं. चूक शोधून काढणारी म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं. मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

अध्यक्षांचा ताल थांबला. "मग हे काम पुढे का चालू ठेवायचं?"

"मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "आता कळेल. आपल्याला सगळ्यांना एकदम."

फळ्यावर त्यांनी उभी-आडवी रेघ ओढली. पांढरा खडू, लाल खडू. मी नंबर वाचायचा आणि आकडा सांगायचा, मामांनी वहीत बघून सांगायचं, मॅडमनी ठिपका काढायचा. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. स्टार्टर असलेलं आणि नसलेलं पिल्लू यांना त्यांच्या वहीत दोनच शब्द होते.

मी पहिला नंबर आणि आकडा वाचला. मामांनी वहीवर बोट ठेवलं. "हाय."

पांढरा ठिपका.

पुढचा. "न्हाई." लाल.

समितीतल्या एका बाईंनी हिंदीत विचारलं, हे काय म्हणतायत. मॅडमनी समजावलं, आहे आणि नाही. "हाय. हाय. न्हाई." पूर्ण लांबीचे ठिपके संपले. लाल-पांढरे एकमेकांत मिसळलेले, शेव-चुरमुऱ्यासारखे. जुना फरक खरंच कुठे नव्हता. मॅडमनी त्याखाली मोठ्यानं "चूक" असं लिहिलं. उंची. मिसळलेले. मग मागचं टोक. जन्मलेल्या दिवसाची पिल्लं, मिसळलेली. आठवड्याची, मिसळलेली. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. माझा आवाज बसायला लागला होता. मॅडमच्या मानेवर घाम दिसत होता, पण ठिपके त्या पहिल्याइतक्याच नेटकेपणानं काढत होत्या.

उरली तीन आठवड्यांची पिल्लं.

पहिला आकडा मोठा. "हाय." पांढरा, वर.

दुसरा लहान. "न्हाई." लाल, खाली.

लहान. "न्हाई." मोठा. "हाय." मोठा. "हाय." मी वाचत राहिले. सातव्या की आठव्या ठिपक्याला ती हिंदी बोलणारी बाई माझा आकडा ऐकून मामांच्या आधीच पुटपुटली, "न्हाई." मामा म्हणाले, "न्हाई!" पुढच्या आकड्याला अध्यक्ष आणि बाई दोघंही, "हाय." मामांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, "व्हय, हाय!" मग पूर्ण खोलीच वाचायला लागली. मी आकडा सांगायचा आणि पाच तोंडांतून एकदम, हाय! न्हाई! न्हाई! हाय! फळ्यावर पांढरे वर, लाल खाली, आणि मधे मोकळी जागा, पायवाटेसारखी. एकच लाल ठिपका वर पांढऱ्यांत जाऊन बसला.

शेवटचा ठिपका काढून मॅडम वळल्या. हातात दोन्ही खडू, गालाला लाल खडू लागलेला.

"जन्मताना न्हाई! जन्मताना स्टार्टर लागतच न्हाई! दूध सोडून चावायला लागतात ना, तेव्हा लागतो! तेव्हा मागचं टोक वाढायला पायजे आणि ते वाढत न्हाई! अगं बया, हाय! हाय की गं!" आणि त्यांनी मला, मग मामांना, आणि मग अंदाज चुकून अध्यक्षांनाच मिठी मारली.

"सर, दहा मिनिटं," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे नियम आहे." समितीनं तो पाळला. अध्यक्ष फळ्यापाशी जाऊन त्या एकट्या लाल ठिपक्याकडे बघत उभे राहिले. "हा इथे काय करतोय?" त्यांनी विचारलं. बंदी असूनही मॅडम त्यांच्या शेजारी गेल्या. "मलाही तोच सगळ्यात आवडलाय," त्या म्हणाल्या, आणि दोघंही पोरांसारखी त्या ठिपक्याबद्दल बोलत सुटली.

काम पुढे चालू राहिलं. मोठ्या स्कॅनिंग मशिनवर तीच हाडं तपासली, फरक तिथेही तसाच दिसला. शोधनिबंध लिहून व्हायला दोन वर्षं गेली. मॅडम निवृत्त झाल्या त्याच्या थोडंसं आधी तो छापायला पाठवायचा होता, आणि त्या वेळी लेखकांच्या यादीत मॅडमनी मामांचं नाव घातलं.

संस्थेत कुजबुज झाली. जनावरं सांभाळणारा माणूस लेखक कसा? एक साहेब खास सांगायला आले की आभारात नाव टाका, चांगलं दिसेल. मॅडम म्हणाल्या, "पिल्लांच्या जन्माची नोंद कुणी ठेवली? लेबलं कुणी बदलली? तीन आठवडे नंबरांची वही कुणाकडं होती आणि कुणी तोंड उघडलं न्हाई? मी विचारत होते त्याला रोज, गयावया करून. एक अक्षर बोलला न्हाई." साहेब गेले.

पण मामांची संमती लागत होती. मॅडमनी त्यांना बोलावून खुर्चीत बसवलं. मी शेजारीच होते. निबंध इंग्रजीत, मॅडमनी पहिल्यापासून शेवटपर्यंत तो त्यांना मराठीत सांगितला, एक चित्र न सोडता. मामा ऐकत राहिले. मध्ये एकदा थांबवून त्यांनी वहीत बघून एक तारीख दुरुस्त करायला लावली.

"ह्यात माझं नाव टाकलं तर मला काय करावं लागंल?" शेवटी त्यांनी विचारलं.

"काही न्हाई. सही."

"आन् उद्या हे खोटं निघालं तर?"

"तर तसंच छापून सांगावं लागंल, आमचं चुकलं म्हणून. खाली सगळ्यांची नावं. तुझं पण."

मामांनी वही मिटली, मांडीवर ठेवली. बराच वेळ ते तिच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत होते. मॅडमनी त्यांना अजिबात घाई केली नाही.

"मंग टाका," मामा म्हणाले, आणि पेन मागितलं.